मागच्याची हाक

ज्वारी निघाली, कडब्याच्या गंजी लागल्या, की आमच्या घरासमोरून मेंढरं जायला लागतात. आम्ही केजला घर बांधलं तेव्हा ही गावाबाहेरची वाट होती. आता तिच्यावर मोबाईलची दोन दुकानं आहेत, एक दातांचा दवाखाना आहे आणि जीपवाल्यांचा थांबा आहे. वाट गावात आली हे मेंढरांना मात्र कुणी सांगितलेलं नाही. ती फाल्गुनात आपल्या जुन्या सवयीनं येतात, दवाखान्याच्या पायरीवर लेंड्या टाकतात आणि माजलगावच्या अंगाला निघून जातात.

आधी वास येतो. लोकरीचा, धुळीचा, आंबूस दुधाचा. मग घंटा. मग चहाचा कप घेऊन मी गॅलरीत. आतून आमच्या मंडळींचा आवाज येतो, "आली का तुमची माणसं?"

"आली."

"मग जावा की त्यांच्यासंगं."

एवढा संवाद दरवर्षी ठरलेला. खरं तर त्या वासानं मला माझं गाव आठवायला हवं. चकलांबा, तिथली माळरानं, लहानपण वगैरे. माणसाचं वय झालं की असंच काहीतरी आठवावं अशी रीत आहे. पण मला आठवतं ते भलतंच. लोकरीच्या वासाच्या मागोमाग मला संत्र्याच्या फुलांचा वास येतो. पिवळसर दगडाचं, बोळाबोळांचं, समुद्राकाठचं एक जुनं शहर दिसतं, आणि त्या बोळांतून लोकांच्या डोक्यांवरून पुढे सरकत जाणारी एक पिवळी छत्री. छत्री मिटलेली. ऊन नाही, पाऊस नाही, नुसती निशाणासारखी वर धरलेली. धरणारी आमची मंजू.

मंजूचं सांगायचं तर आधी आबांचं सांगावं लागतं. आमच्या घरात काहीही सांगायचं तर आधी आबांचंच सांगावं लागतं.

आबा म्हणजे माझे वडील. दीडशे मेंढरं, दोन कुत्री, एक घोडं, आणि घोड्यावर मावेल एवढा संसार. दिवाळी झाली की घर सोडायचे ते पावसाच्या तोंडाला परत यायचे. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेत, खतासाठी. आज या रानात, उद्या त्या. बाकी सगळं चालणं. अशा घरात मी जन्मलो आणि झेडपी शाळेत मास्तर झालो. आमच्या सात पिढ्यांत चालण्याचा कंटाळा असलेला पहिला माणूस मी. चौकातून कोथिंबीर आणायची तरी स्कूटर काढतो. आबा म्हणायचे, "ह्याला पाय दिलेत देवानं, पर निस्ते चपला घालायला."

कळप चालतो त्याची एक पद्धत आहे. एकानं पुढं चालायचं, एकानं मागं. बघणाऱ्याला वाटतं पुढचा मोठा. तसं नाही. पुढच्याला फक्त वाट बघायची असते. मेंढरं मागच्यानं बघायची. लंगडी, व्यायला झालेली, हावरी, येडी, सगळी मागंच असतात. आणि मागं काही अडलं, एखादीचा पाय मोडला, एखादी काट्यात गुंतली, की मागचा तोंडाभोवती हाताचा द्रोण करून हाक देतो. लांब, एकच. हुईईई. पुढच्यानं ती ऐकली की जागच्या जागी थांबायचं आणि दोन आखूड हाका माघारी द्यायच्या. हुई, हुई. म्हणजे, ऐकलं, थांबलो. आमच्या भागातले सगळे धनगर हीच हाक देतात.

मंजू नऊ वर्षांची होती त्या फाल्गुनात तिच्या आईला अंबाजोगाईच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. टायफॉईड उलटला होता. मी दवाखान्यात, पोर कुठं ठेवायची? आबा तेव्हा मेंढरं घेऊन माजलगावच्या पाटाकडं होते. तिकडं नेऊन सोडली. शाळेचा फ्रॉक, दोन वेण्या, हातात बिस्किटाचा पुडा. निघताना माझ्याच डोळ्यांत पाणी. ती मेंढीचं पिल्लू उचलून बघत होती.

तीन आठवड्यांनी आणायला गेलो. पाटाच्या भरावावर उभा राहून बघतो तर खालच्या रानातून कळप चाललेला. पुढं एक मुठीएवढी पोर, तिच्याहून उंच काठी. मागं दीडशे मेंढरं. आणि सगळ्यांच्या शेवटी, धुळीत, आबा. पोर दहा पावलं चालायची, मागं वळून बघायची. पुन्हा दहा पावलं, पुन्हा मागं. मी वरून ओरडलो, "मंजे! ए मंजे!" तिनं बघितलं, हात केला, आणि चालतच राहिली. बाप आला म्हणून थांबायचं, असं काही तिला सांगितलेलं नव्हतं.

आबांना म्हणालो, "एवढीशी पोर म्होरं कावून ठिवली?"

"मग काय मागं ठिवू? मागं ऱ्हायली तर हारपन की. म्होरं लई सोपं हाय. सारखं माघारी बघायचं, अन् हाक आली की थांबायचं. कावून आली ते इचारायचं न्हाई. आदी थांबायचं." मग नातीकडं बघून म्हणाले, "थांबती. लई गुणाची हाय. दोन रोज हाकच दिली न्हाई मी, तर हीच इचारायली, आबा, आज हाक न्हाई का?"

ही पोर पुढं पुण्याला शिकायला गेली आणि स्पॅनिश शिकून आली. केजमध्ये ही बातमी कळल्यावर लोक घरी समाचाराला आल्यासारखे आले. शेजारचे अण्णा म्हणाले, "स्पॅनिश? ते कुठं लागतंय?" मी शाळेतला नकाशा आणून त्यांना स्पेन दाखवला. दाखवण्याआधी दोन मिनिटं मलाही सापडला नव्हता. मग ती तिकडंच एम.ए. करायला गेली, आणि एक दिवस फोनवर म्हणाली, "बप्पा, नोकरी लागली. गाव दाखवायची."

"म्हणजे?"

"लोकं येतात फिरायला. त्यांना जुन्या गावातून चालत फिरवायचं. पुढं मी, मागं ते. सांगत सांगत जायचं."

मी फोन ठेवला आणि मंडळींना म्हणालो, "शिक्षणावर एवढं घालवलं, अन् पोरीनं शेवटी मेंढरंच राखली." हा विनोद मी त्या वर्षात निदान चाळीस लोकांना ऐकवला. आबा असते तर त्यांना नक्की आवडला असता. ते मंजू परदेशी जायच्या आदल्या वर्षीच गेले. मेंढरं विकली. काठी माळ्यावर आहे.

तीन वर्षांपूर्वी, अशाच फाल्गुनात, आम्ही दोघं तिच्याकडं गेलो. व्हॅलेन्सियाला. मुख्याध्यापक म्हणाले, "गुरुजी, परीक्षा तोंडावर, अन् तुमी चाललात समुद्राकाठी?" मी म्हणालो, घरगुती अडचण आहे. ते खोटं नव्हतं. अडचण अशी होती की तिथली कंपनी मंजूला कायम करत होती. महिनाअखेरीस सही करायची होती. आणि इकडं आमच्या मेव्हण्यानं खटपट करून संभाजीनगरला, परदेशी पाहुण्यांना वेरूळ-अजिंठा दाखवणाऱ्या एका ऑफिसात तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, तीही महिनाअखेरपर्यंतच. मंजू आईला फोनवर म्हणाली होती, "बप्पा ये म्हणले तर येते."

झालं. सगळं माझ्यावर आलं. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घरातला एखादा निर्णय माझ्या एका शब्दावर येऊन थांबला होता. विमानात मंडळींनी मला तीन वेळा पाठ करून घेतलं. "काय म्हणायचं?"

"घरी ये म्हणायचं."

"कधी?"

"पोचल्यावर."

"पोचल्यावर न्हाई. पोरगी जेवूखावू घालंल, मग. पर परत निघायच्या आत."

मंडळींचं चूक नव्हतं. चार वर्षांत पोर दोनदा घरी आली होती. घरात तिची खोली तशीच होती. तिच्या पलंगावर आम्ही पापड वाळवत होतो, आणि पापड काढताना ही चादर पुन्हा नीट घालायची. मला तर रोज संध्याकाळी पाच वाजता करमेनासं व्हायचं. नेमका पाचला. ती पुण्याला होती तेव्हाची फोनची वेळ.

त्या शहराबद्दल मी काही विद्वत्तापूर्ण सांगेन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. मला तिथं तीन गोष्टी कळल्या. एक, रस्त्याच्या कडेला जशी आपल्याकडं करंजाची झाडं, तशी तिथं संत्र्याची. फळांनी लगडलेली, आणि कुणी हात लावत नाही. मला हा लोकांचा सज्जनपणा वाटला. दुसऱ्या दिवशी मी एक तोडून खाल्लं. कडू जहर. दोन, त्याच झाडांना त्याच वेळी फुलंही येतात, आणि त्या फुलांचा वास बोळांत साचून राहतो, दुपारी तर डोकं जड होईपर्यंत. आणि तीन, त्यांच्या नदीत पाणी नाही. मोठे दगडी पूल आहेत, खाली पात्र आहे, आणि पात्रात बाग. फार पूर्वी मोठा पूर आला, शहर बुडालं, म्हणून त्यांनी नदीच उचलून गावाबाहेर नेली. कोरडं पात्र बघून मंडळी म्हणाल्या, "हे तर आपल्यावानीच हाय. उगं एवढ्या लांब आलो."

मंजूनं आमच्यासाठी गुरुवारची फेरी ठेवली होती. सकाळी उठल्यापासून तिची गडबड. "बप्पा, आज बाराच्या ठोक्याला तुम्हाला एक दाखवायचंय. बाकी चर्चं-बिर्चं तुम्ही ऐकलं नाही तरी चालेल."

मग तिनं सांगितलं. तिथल्या मोठ्या चर्चच्या दारात दर गुरुवारी दुपारी बाराला शेतकऱ्यांची बैठक बसते. आठ पाटांचे आठ शेतकरी, काळे डगले घालून, गोल खुर्च्यांवर. कुणी कुणाचं पाणी चोरलं, कुणी पाळी मोडली, त्याचा तिथंच तोंडी निवाडा. कागद नाही, वकील नाही. शेकडो वर्षं चालत आलंय. एक माणूस एकेका पाटाचं नाव घेऊन पुकारतो, कुणाची तक्रार आहे का? नसेल तर पाच मिनिटांत सगळे उठतात. "म्हणून वेळेवर पोचायला लागतं," ती म्हणाली. "आमच्या फेरीत बरेच लोक त्याच्यासाठीच येतात. आणि मला तुम्हालाच दाखवायचंय ते. आपलं रान टेलला आहे ना."

आमचं दीड एकर रान माजलगावच्या पाटाच्या अगदी शेपटाला आहे. पाणी येतं म्हणतात. मी पाहिलेलं नाही.

वीस लोक होते. जुन्या वेशीपासून निघालो. दोन मोठे दगडी बुरूज, आपल्या किल्ल्याच्या दरवाजासारखे. पुढं मंजू. तिच्या शेजारी, जवळजवळ तिची ओढणी धरून, तिची आई. मधे सगळे गोरे. मी आपोआप शेवटी गेलो. कुणी सांगितलं नाही. पायांनीच ठरवलं.

आणि मग माझं मलाच नवल वाटायला लागलं. ज्या माणसाला कोथिंबिरीला स्कूटर लागते तो त्या दगडी बोळांतून तासभर चालत होता आणि त्याचं लक्ष ना बुरुजांत ना घुमटांत. त्याचं लक्ष मेंढरांत. एक जाडा गृहस्थ आईस्क्रीमच्या दुकानाशी रेंगाळला. मी त्याच्या मागं उभा राहिलो. तो हलेना. मी जिभेनं च्च् च्च् केलं. तरी हलेना. तेव्हा माझ्या हातातल्या, केजहून आणलेल्या काळ्या छत्रीचं टोक नकळत त्याच्या पोटरीला टेकलं. तो चमकून वळला. मी म्हणालो, "सॉरी." पण तो हलला. एक नवरा-बायको फोटो काढत मागं पडायची. त्यांना दोनदा दोन्ही हात पसरून पुढं घातलं. दुसऱ्या वेळेला ती बाई हसली. मी तेवढ्यावर दिवसभर खूष.

पुढून मंजूचा आवाज येत होता. इंग्रजी, मधेच स्पॅनिश. शब्द सगळे कळत नव्हते, पण दर दहा पावलांवर ती वळत होती, वीस डोक्यांवरून माझ्यापर्यंत बघत होती आणि मगच पुढं चालत होती. गाव दाखवणाऱ्या पोरांना प्रशिक्षणात काय शिकवतात मला माहीत नाही. हे तिथं शिकवलेलं नव्हतं.

एक हॉलंडची आजीबाई होती, सत्तरीची. तिचं नाव मला शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही, तिला माझं. बाजाराच्या मागच्या बोळात ती चालता चालता भिंतीला धरून उभी राहिली आणि मग संत्र्याच्या झाडाखालच्या पायरीवर बसलीच. गुडघा. मी माझा गुडघा दाखवला, म्हणालो, "सेम." ती हसली, पण तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी वर बघितलं तोवर पिवळी छत्री कोपऱ्यावरून वळून गेली होती. बोळात आम्ही दोघं आणि फुलांचा वास.

फोन मंडळींच्या पर्समध्ये. मंजूच्या घराचा पत्ता आठवेना. पाच बोळ फुटत होते, पाचही सारखे. आजीबाईला सोडून धावत जावं तर मागच्या माणसानं अडलेली मेंढी सोडायची नसते. हा विचार मी केला असं म्हणणार नाही. विचार करायला वेळच झाला नाही. मी उठलो, तोंडाभोवती हात धरले, आणि दिली.

हुईईई.

तीस वर्षांत दिली नव्हती. आवाज कुठून आला देव जाणे. कबुतरं उडाली. एक कुत्रं भुंकलं. वरच्या गॅलरीत एक बाई ओली चादर हातात धरून तशीच उभी राहिली. आजीबाई माझ्याकडं बघत राहिली, गुडघा विसरून. मला लाज वाटली. बावन्न वर्षांचा मास्तर, परक्या देशात, भर बोळात.

आणि मग, दोन बोळ पलीकडून, घरांवरून:

हुई, हुई.

मी पायरीवर बसलो. पुढं काय झालं ते मंडळींनी नंतर सांगितलं. पोरगी बोलता बोलता थांबली. वाक्य अर्धं. छत्री काखेत घातली, तोंडाला हात लावले, अन् दिली हाक. "समदे गोरे येड्यावानी बघायलेत. अन् ही त्यांना म्हणती, माझे वडील मागं आहेत. आपण थांबायचं. बस. कावून, कशाला, काही न्हाई."

त्या पायरीवर मला एक जुनी गोष्ट आठवली. डी.एड.च्या सुट्टीत एकदा आबांच्या मागं मेंढरांबरोबर चाललो होतो. पुढं आबा, मागं मी. उन्हं उतरलेली, रान मोकळं, कुणाशी बोलायला नाही. मी उगाच हाक दिली. आबा थांबले. दोन हाका आल्या. मग सगळा कळप चिरत ते माझ्यापर्यंत चालत आले. "काय झालं?"

"काही न्हाई. करमत नव्हतं."

मला वाटलं आता काठी बसणार. आबांनी एकदा कळपाकडं बघितलं, एकदा सूर्याकडं. पाण्याची जागा लांब होती आणि आमच्या थांबण्यात दुसरा कळप पुढं निघून गेलेला दिसत होता. ते म्हणाले, "करमत नसलं तर चालत म्होरं यायचं माझ्याकडं. हाक न्हाई द्यायची. हाक दिली की म्होरच्याला थांबावंच लागतंय." आणि पुन्हा कळप चिरत पुढं गेले. त्या दिवशी पाण्यावर आम्ही पोचलो तेव्हा नुसता चिखल उरला होता.

मंजू दोन बोळ परत पळत आली. कपाळावर घाम. "काय झालं, बप्पा?"

"काही न्हाई. ह्यांचा गुडघा. चल, चल म्होरं."

ती आजीबाईजवळ गुडघ्यावर बसली, पाणी दिलं, कुणाला तरी फोन करून टॅक्सी मागवली. टॅक्सी येईपर्यंत सगळी माणसं पुढच्या चौकात उभी. आजीबाईनं गाडीत बसताना माझा हात दोन्ही हातांत धरला. मंजूनं त्याच वेळी घड्याळ बघितलं. आम्हाला दिसू नये असं बघितलं, पण मला दिसलं.

मग आम्ही पळालो म्हणायला हरकत नाही. चर्चच्या चौकात पोचलो तेव्हा एक माणूस खुर्च्या उचलत होता. काळे डगलेवाले पायऱ्या उतरून निघाले होते. गर्दी पांगत होती. बारा वाजून पाच की दहा मिनिटं झाली होती. त्या दिवशी कुणाची तक्रार नव्हती.

पोटरीला छत्री लागलेला गृहस्थ म्हणाला, मी ह्याच्यासाठीच आलो होतो, उद्या माझं विमान आहे. तो रागानं नाही म्हणाला, म्हणूनच वाईट वाटलं. आमची मंजू एकेकाजवळ जाऊन माफी मागत होती. हसत, मान वाकवत. नऊ वर्षांची होती तेव्हाही ती चूक झाली की अशीच मान वाकवायची. मी त्या चर्चच्या भिंतीला टेकून बघत होतो.

मग ती एका डगलेवाल्या म्हाताऱ्यामागं धावली. काहीतरी बोलली, माझ्याकडं बोट केलं. म्हातारा परत आला. भाजलेला चेहरा, जाड बोटं, पोट सुटलेलं. डगला काढून धोतर नेसवलं तर चकलांब्याच्या पारावर कुणी वळून बघितलं नसतं. त्यानं माझा हात हातात घेतला आणि काहीतरी विचारलं.

मंजू म्हणाली, "ते विचारतात, तुमच्याकडं पाणी आलं का?"

मी म्हणालो, "टेलला न्हाई आलं."

तिनं सांगितलं. म्हातारा डोळे मिटून मान हलवत राहिला. टेलला पाणी न येणं काय असतं हे त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

त्याच संध्याकाळी नाही, पण दुसऱ्या दिवशी, निघायच्या आदल्या दिवशी, उन्हं उतरताना आम्ही तिघं त्या कोरड्या नदीच्या पुलावर उभे होतो. मंडळींनी मला कोपरानं ढोसलं. एकदा. दोनदा. मग "मी जरा खालची झाडं बघून येते" म्हणून पुढं गेल्या. एवढ्या लांबून झाडं बघायची आवड ह्यांना कधीपासून?

मंजू कठड्याला रेलली होती. म्हणाली, "बप्पा, काही म्हणायचंय का?"

शब्द तयार होता. तीन वेळा पाठ केलेला. घरी ये. आणि मला पक्कं माहीत होतं, मी तो म्हणालो तर ही थांबेल. कशासाठी ते विचारणार नाही. अर्धं वाक्य तसंच सोडून, छत्री काखेत घालून, थांबेल. तिच्या आईचा पाय मोडलेला नव्हता. माझंही काही गुंतलेलं नव्हतं काट्यात. आम्हाला करमत नव्हतं, एवढंच.

मी म्हणालो, "छत्री जरा वर धरत जा. मागून दिसत न्हाई."

ती माझ्याकडं बघत राहिली. "एवढंच?"

"एवढंच."

ती पुन्हा नदीकडं वळली. म्हणाली, "धरते." तिचा आवाज भिजला होता की मलाच तसा ऐकू आला, सांगता येत नाही. खालच्या बागेत कुणीतरी सायकल शिकत होतं आणि सारखं पडत होतं.

मंडळी तिथून केजपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. दोन विमानं, एक रेल्वे आणि एक एस.टी. मधे एकदा चहा हवा का म्हणून विचारलं तर चहावाल्याला म्हणाल्या, "ह्यांना द्या." मंजूनं सही केली. पत्र आलं, फोटो आला. मेव्हणा अजून लग्नकार्यात मला बघितलं की दुसऱ्या पंगतीला बसतो. आणि मला मोठं मन वगैरे आहे असं कुणी समजू नये. त्यानंतरच्या प्रत्येक संध्याकाळी पाच वाजता मला वाटतं की तेवढा एक शब्द म्हणायला काय झालं होतं. कधी कधी सकाळी सातलाही वाटतं.

मंजू आता दिवाळीला येते, पंधरा दिवस. पापड तेवढ्यापुरते गच्चीवर जातात. गुरुवारी तिच्याकडचे बारा वाजले की, आपल्याकडं दुपार कलताना, ती कधी कधी त्या चर्चच्या दारातला पुकारा फोनवर ऐकवते. एकेका पाटाचं नाव, मग शांतता. मग दुसऱ्याचं. मंडळी विचारतात, "आली का कुणाची तक्रार?" मी म्हणतो, "न्हाई आली." त्या म्हणतात, "आपली असती तर बरं झालं असतं."

परवा मेंढरं आली. दोनेकशे असतील. मी कप घेऊन गॅलरीत. पुढं एक लाल पागोट्याचा माणूस, खांद्यावर आडवी काठी, दर दहा पावलांवर मागं वळून बघणारा. अर्धा कळप दवाखान्याच्या पुढं गेला होता. धूळ उडत होती, आणि धुळीत मला तोच वास यायला लागला, कडू संत्र्याच्या फुलांचा, जो केजच्या हवेत कधीच नव्हता.

मंडळी पदराला हात पुसत येऊन शेजारी उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "द्या की."

"काय?"

"हाक. त्या दिवशी मी घरी ये म्हणायला सांगितलं, तुमी छत्रीचं सांगून आलात. आता तरी द्या. तिला ऐकू जायचं न्हाई, थांबायचीबी न्हाई. मग कशाचं भ्या?"

तीन वर्षांत त्या विषयावरचं हे त्यांचं पहिलं सरळ बोलणं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी कप कठड्यावर ठेवला, हाताचा द्रोण केला आणि दिली. लांब. पश्चिमेकडं तोंड करून, जेवढी छातीत होती तेवढी.

हुईईई.

आणि खाली लाल पागोटं थांबलं. जागच्या जागी. दोन आखूड हाका आल्या, हुई, हुई, आणि त्याच्या मागं दोनेकशे मेंढरं भर रस्त्यात उभी राहिली. एका जीपवाल्यानं हॉर्न दिला. मागून एस.टी. आली, तीही थांबली. दातांच्या डॉक्टरांचा एक पेशंट गालाला हात लावून बाहेर आला. कळपाच्या शेवटाहून, धुळीतून, मागचा माणूस ओरडला, "कोण बे हाक देतंय? मी न्हाई दिली!"

लाल पागोट्याला त्याचं काही नव्हतं. तो कळप चिरत माघारी यायला लागला होता. काय अडलंय ते बघायला. शेवटी त्याची नजर वर गेली. गॅलरीत एक टकला मास्तर, तोंडाभोवती अजून हात तसेच, आणि शेजारी डोळ्यांना पदर लावलेली बायको.

"काय झालं, गुरुजी?"

मंडळींनी माझ्याकडं बघितलं. मी हात खाली घेतले.

"काही न्हाई, मालक," मी म्हणालो. "काही न्हाई अडलं. चला म्होरं."